दगड तिरका येतो, मग विवर गोल कसं? लोणारपासून चंद्रापर्यंत आघात विवरांची घडण

प्रश्नाचे तीन भाग आहेत. लघुग्रह कुठल्याही कोनातून येऊन आदळू शकतो, तर विवरं जवळपास सगळी गोलच का? आदळलेला दगड जातो कुठे, तो विवराच्या तळाशी का सापडत नाही? आणि चंद्रावरच्या मोठ्या विवरांच्या मधोमध डोंगर दिसतो, तसा लोणारला का नाही?

तिन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी आहे. विवर दगड खणत नाही, दगडाने जमिनीत सोडलेली आघात-लहर खणते. दगडाचं काम पहिल्या काही मिलिसेकंदांत संपतं. त्यानंतर काही सेकंद खडक अक्षरशः वाहतो, आणि शेवटी गुरुत्वाकर्षण तो खड्डा ढासळवतं. आपण विवर म्हणून जे बघतो ते ढासळून झाल्यावर उरलेलं असतं.

आधी ऊर्जेचा हिशेब करू, कारण बहुतेक गैरसमज इथेच होतात. पृथ्वीवर बाहेरून येणारी वस्तू सेकंदाला किमान 11.2 किलोमीटर वेगाने वातावरणाच्या माथ्याशी पोहोचते. लघुग्रहांचा नेहमीचा वेग 18 ते 20 किलोमीटरच्या घरात असतो, धूमकेतूंचा त्याहून बराच जास्त. चंद्राचं गुरुत्व कमी, म्हणून तिथला किमान आकडा 2.4. आता टीएनटी या स्फोटकाच्या एका किलोत साधारण 4.2 मेगाज्यूल ऊर्जा असते. सेकंदाला 3 किलोमीटरने जाणाऱ्या एक किलो दगडाची गतिज ऊर्जा भरते 4.5 मेगाज्यूल. म्हणजे या वेगाच्या पुढे कुठलाही दगड स्वतःच्याच वजनाच्या स्फोटकापेक्षा भारी पडतो. 20 किलोमीटरला ही ऊर्जा किलोमागे 200 मेगाज्यूल होते, टीएनटीच्या जवळजवळ 48 पट. या वेगाला तो दगड किती टणक आहे याला फारसा अर्थ उरत नाही. त्याची घनता, आकार आणि वेग यांनाच उरतो.

पहिले काही मिलिसेकंद

लोणारसाठी 80 मीटर व्यासाचा दगडी लघुग्रह आणि सेकंदाला 18 किलोमीटर वेग धरू (80 हा आकडा कुठून आला ते पुढे येतंच). त्याचं पुढचं टोक जमिनीला लागल्यापासून मागचं टोक जमिनीच्या पातळीशी येईपर्यंत साधारण साडेचार मिलिसेकंद जातात. एवढ्यात दोन लहरी निघतात. एक खाली बेसाल्टमध्ये, दुसरी उलटी, दगडाच्या मागच्या टोकाकडे. दोन्हींच्या मधल्या पदार्थावर शेकडो गिगापास्कल दाब येतो. एक गिगापास्कल म्हणजे सुमारे दहा हजार वातावरणांचा दाब, आणि पृथ्वीच्या केंद्रात तो 360 गिगापास्कलच्या आसपास आहे, यावरून अंदाज यावा. खडकाची ताकद 5-10 गिगापास्कललाच संपते.

उलटी लहर दगडाच्या मागच्या टोकाला पोहोचली की तिथून दाब सुटायला लागतो. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. दाबताना पदार्थात घातलेली ऊर्जा दाब सुटताना सगळी परत मिळत नाही, बरीचशी उष्णता म्हणून आतच राहते. त्यामुळे 50-60 गिगापास्कलच्या वर दबलेला खडक दाब गेल्यावर वितळतो आणि त्याच्या बऱ्याच वर गेलेला बाष्प होतो. आदळलेला दगड सगळ्यात जास्त दाबलेल्या भागात असतो, म्हणून तो बहुतांश वितळतो किंवा बाष्प होऊन उडतो. मागच्या बाजूचे काही तुकडे वाचले तर वाचतात.

हे न कळल्यामुळे एका माणसाची संपत्ती गेली. अॅरिझोनातल्या 1.2 किलोमीटर रुंदीच्या विवराभोवती लोखंडी अशनींचे तुकडे सापडत होते. डॅनियल बॅरिंजर या खाण अभियंत्याने ते विवर आघाताचंच आहे असं ठामपणे मांडलं, आणि त्यात तो बरोबर होता. पण तळाखाली कोट्यवधी टन लोखंड गाडलेलं असणार असं धरून त्याने विसाव्या शतकाची पहिली दोन-अडीच दशकं तिथे भोकं पाडण्यात घालवली. 1929 मध्ये खगोलशास्त्रज्ञ मोल्टन यांनी ऊर्जेचा हिशेब मांडला: एवढ्या विवराला सुमारे तीन लाख टनांचा पिंड पुरतो, आणि त्यातलं बहुतेक आघातातच नाहीसं झालेलं असणार. त्याच वर्षी बॅरिंजर वारला. गंमत अशी की त्याच्या आधी, 1891 मध्ये, गिल्बर्ट या नामांकित भूवैज्ञानिकाने गाडलेलं लोखंड चुंबकसूचीने शोधलं होतं. ते मिळालं नाही म्हणून विवर वाफेच्या स्फोटाचं असं त्याने ठरवलं. दोघांचं गृहीतक एकच होतं, की दगड पडला तर तो खाली असलाच पाहिजे.

खडकात राहिलेली खूण

दगड राहत नाही, पण दाबाची नोंद राहते. लोणारचा बेसाल्ट पातळ छेदाखाली बघितला की ती दिसते. 0.03 मिलिमीटर जाडीचा काप घासून काचेवर बसवतात आणि सूक्ष्मदर्शकात एकमेकींना काटकोनात ठेवलेल्या दोन ध्रुवणपट्ट्यांमधून बघतात. साध्या दख्खनी बेसाल्टमध्ये प्लॅजिओक्लेज या खनिजाच्या लांबट पट्ट्या करड्या-पांढऱ्या चमकतात आणि मंच फिरवला की दर 90 अंशांना एकदा विझून पुन्हा उजळतात. आघात सोसलेल्या तुकड्यात पट्टीचा आकार जसाच्या तसा असतो, कडा सरळ असतात, शेजारचं दुसरं खनिज, पायरॉक्झीन, रंगीत दिसत असतं, पण पट्टी मात्र मंच पूर्ण फिरवला तरी काळीच राहते. तिची स्फटिकरचना मोडून काच झालेली असते, आणि तीही न वितळता, कारण वितळली असती तर आकार वाहून गेला असता. ही काच म्हणजे मास्केलिनाइट. ती व्हायला अंदाजे 28 ते 45 गिगापास्कल दाब लागतो. ज्वालामुखीत एवढा दाब कधीच नसतो. म्हणून 1973 मध्ये लोणारच्या खडकांतलं मास्केलिनाइट प्रसिद्ध झाल्यावर लोणार ज्वालामुखीचं मुख आहे म्हणणारा पक्ष जवळपास निकालात निघाला. हे खनिज पहिल्यांदा ओळखलं गेलं तेही भारतात पडलेल्या दगडात, 1865 साली बिहारमध्ये शेरघाटीला पडलेल्या अशनीत. तो अशनी मंगळावरचा आहे हे पुढे शंभरहून जास्त वर्षांनी कळलं.

गारगोटी असलेल्या खडकांत काम सोपं असतं. गारगोटीच्या कणांत 10 ते 35 गिगापास्कलला काही मायक्रॉन अंतराच्या समांतर रेषांचे संच पडतात, आणि कोएसाइट, स्टिशोव्हाइट ही तिची दाट रूपं तयार होतात. शूमेकर, चाओ आणि मॅडसन यांनी 1960 मध्ये बॅरिंजर विवरात कोएसाइट दाखवलं, तेव्हा तिथला आघात की वाफेचा स्फोट हा वाद मिटला. बेसाल्टमध्ये गारगोटी जवळजवळ नसतेच, म्हणून लोणारला सगळी भिस्त प्लॅजिओक्लेजवर. याच कारणाने लोणार जगभरच्या ग्रहवैज्ञानिकांना हवंहवंसं आहे. चंद्राचे काळे डाग आणि मंगळाचा मोठा पृष्ठभाग बेसाल्टचा आहे, आणि पृथ्वीवर बेसाल्टमधली चांगली टिकलेली विवरं फारच थोडी.

पुढचे दहा सेकंद

लहर अर्धगोलात पसरत जाते आणि पसरताना क्षीण होते. ती पुढे निघून गेली तरी मागे खडकाला थोडा वेग देऊन जातो तिचा धक्का. जमिनीच्या मोकळ्या पृष्ठभागाजवळ दाब लगेच सुटतो, त्यामुळे तिथला खडक वर आणि बाहेर वळतो. खोलवरचा खडक खाली आणि बाहेर ढकलला जातो. याला उत्खनन प्रवाह म्हणतात. त्यातून एक वाडगं उघडत जातं, ज्याची खोली व्यासाच्या तिसऱ्या ते चौथ्या हिश्श्याइतकी असते. हे तात्पुरतं विवर. लोणारचं असं तात्पुरतं विवर साधारण दीड किलोमीटर रुंद असावं, आणि ते उघडायला सुमारे दहा सेकंद लागले असावेत. मोठ्या विवरात हा वेळ व्यासाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो.

इथे एक चूक वारंवार दिसते. विवराएवढा सगळा खडक बाहेर उडाला असं गृहीत धरून उडालेल्या मालाचं आकारमान काढतात, आणि मग हिशेब जुळत नाही. प्रत्यक्षात बाहेर फेकला जातो तो फक्त वरचा, तात्पुरत्या व्यासाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतक्या खोलीपर्यंतचा खडक. त्याखालचा नुसता दाबून बाजूला सारलेला असतो. लोणारच्या बाबतीत दीड किलोमीटरचा दहावा हिस्सा म्हणजे 150 मीटर. दख्खनच्या थरांची तिथली जाडी याहून खूप जास्त आहे, म्हणून विवराबाहेर पसरलेल्या मालात बेसाल्टच बेसाल्ट मिळतो, त्याखालचा जुना खडक मिळत नाही. पाचशे मीटर खोल खड्डा झाला होता तर खालचा खडक कुठे गेला, हा प्रश्न मग पडत नाही.

उडालेला माल साधारण 45 अंशात निघतो. आधी, केंद्राजवळून सुटलेला वेगाने लांब जातो. शेवटी, कडेजवळून सुटलेला कसाबसा काठ ओलांडून पडतो, आणि पडताना पुस्तकाचं पान उलटावं तसा थर उलटा होतो: खालचा वर, वरचा खाली. काठाची उंची अर्धी या पडलेल्या मालाची आणि अर्धी खालचा खडक मुळातच वर उचलला गेल्याची. दख्खनचे लाव्हा थर एरवी जवळजवळ आडवे असतात, पण लोणारच्या आतल्या कड्यावर तेच थर सगळीकडे विवराबाहेर कललेले दिसतात. उत्तरेच्या कड्यावर उत्तरेकडे, पूर्वेच्या कड्यावर पूर्वेकडे. विवर खचून झालं असतं तर कल आत असता. तिथे गेलात तर तळ्याच्या पाण्याचा रंग जरा बाजूला ठेवून हा कल जरूर बघा. आघाताचा डोळ्यांनी दिसणारा सगळ्यात स्वच्छ पुरावा तोच आहे. बाहेरच्या मालाची सलग गोधडी काठापासून सव्वा किलोमीटरच्या पुढपर्यंत जाते. साधारण नियम असा की सलग पसारा काठापासून एक ते दीड त्रिज्येपर्यंत असतो, पुढे तो तुटक होतो.

गोल का, आणि कधी नाही

आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. दगडाचा व्यास 80 मीटर, विवराचा जवळजवळ दोन किलोमीटर. विवराच्या मानाने ऊर्जा एका बिंदूतच सोडली जाते, आणि तिथून लहर सगळ्या दिशांना सारखी पसरते. दगड तिरका आला म्हणून तो बिंदू लांबट होत नाही. अमेरिकेच्या नेवाडा वाळवंटातल्या अणुचाचण्यांच्या विवरांशी शूमेकरने बॅरिंजर विवराची रचना ताडून पाहिली ती याच कारणाने. उथळ गाडलेल्या स्फोटाचं आणि आघाताचं विवर खरोखर एकाच घडणीचं असतं.

सरळ डोक्यावरून येणारा आघात जवळजवळ कधीच होत नाही. क्षितिजापासून θ कोनाच्या आत आघात होण्याची शक्यता sin²θ इतकी असते. म्हणजे निम्मे आघात 30 ते 60 अंशांत होतात आणि सगळ्यात जास्त संभव 45 अंशांचा. विवर लांबट व्हायला कोन 12 अंशांच्या आसपास किंवा त्याहून कमी लागतो. Sin²12° म्हणजे 0.043. शंभरात चार-पाच विवरं लांबट असावीत असं गणित सांगतं, आणि ग्रहांवर मोजलं तर प्रमाण त्याच घरातलं निघतं. चंद्राच्या फीकंडिटाटिस सागरातलं मेसियर विवर त्यातलं प्रसिद्ध. त्याचा माल फुलपाखराच्या पंखांसारखा फक्त दोन बाजूंना गेलाय.

कोन याहून थोडा जास्त असला की विवर गोल होतं, पण माल दगड ज्या बाजूने आला त्या बाजूला कमी पडतो. चंद्रावरच्या प्रोक्लस विवराच्या किरणांत, म्हणजे उडालेल्या मालाच्या उजळ पट्ट्यांत, अशी एक मोकळी पाचर आहे. थोडक्यात, दिशा शोधायची तर विवराचा आकार बघू नका, उडालेला माल बघा.

शाळेत वाळूच्या ट्रेमध्ये गोट्या टाकून हा प्रयोग करतात, त्याबद्दल दोन शब्द. दोन मीटरवरून पडलेली गोटी सेकंदाला सहा-सव्वासहा मीटरने आदळते; लोणारचा वेग याच्या जवळजवळ तीन हजार पट. या वेगात आघात-लहर नसते, गोटी वाळू नुसती ढकलते आणि शाबूत राहते, म्हणून तिरकी फेकली तर खड्डा लांबट होतो आणि मुलं नेमका चुकीचा धडा घेऊन जातात. गोटी वरूनच सोडा. ट्रेमध्ये 8-10 सेंटिमीटर कोरडी बारीक वाळू, वर 2-3 मिलिमीटर वेगळ्या रंगाचा थर. गोटी पोलादी घ्या, म्हणजे खड्डा न मोडता चुंबकाने वर काढता येते. बोटं घातली की काठ गेलाच. साडेबारा सेंटिमीटर आणि दोन मीटर अशा दोन उंचींवरून टाकून व्यास मोजा. उंची सोळा पट झाली तरी व्यास साधारण दुप्पटच होतो, कारण तो ऊर्जेच्या चौथ्या मुळाच्या आसपास चालतो. किरण, काठ, उलटा थर हे मात्र या प्रयोगात छान दिसतं.

मधला डोंगर

तात्पुरतं विवर कधीच टिकत नाही. लहान असेल तर भिंतींवरचा तुटलेला खडक घसरून तळाशी साठतो, टोकदार तुकड्यांच्या ब्रेशियाची एक जाड चकती तयार होते, खोली कमी होते, व्यास थोडा वाढतो. याला साधं विवर म्हणतात. काठापासून खोली व्यासाच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकी. चंद्रावर विक्रम साराभाईंच्या नावाचं साडेसात किलोमीटरच्या आसपासचं विवर आहे. चांद्रयान-2 च्या मोजणीत त्याची खोली सुमारे 1.7 किलोमीटर आणि भिंतींचा उतार 25 ते 35 अंश निघाला. व्यासाचा पाचवा हिस्सा म्हणजे दीड किलोमीटर, म्हणजे नियम बऱ्यापैकी जुळतो.

लोणारला मात्र तो ओढाताण करूनही जुळत नाही. व्यास सुमारे 1.88 किलोमीटर, काठापासून आजच्या तळाची खोली 150 मीटरच्या आसपास. तळ्याखालचा गाळ शंभरेक मीटरचा, तो धरला तरी अडीचशे मीटर. पाचव्या हिश्श्याने साडेतीनशेच्या वर हवी. झिजलेला काठ हे एक उघड कारण, पण तेवढ्याने सगळी तफावत भरून निघत नाही. थराथरांच्या, सांध्यांनी भरलेल्या बेसाल्टमध्ये भिंती जास्त ढासळल्या असाव्यात, असं माझं मत आहे.

व्यास वाढत गेला की एका टप्प्यावर नुसत्या भिंतीच घसरत नाहीत, खालचा तळही वर उसळतो. भिंतींच्या पायऱ्या पडतात, तळ सपाट होतो, मध्ये शिखर उभं राहतं. हा टप्पा गुरुत्वाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. पृथ्वीवर गाळाच्या खडकांत 2 आणि कठीण खडकांत 4 किलोमीटरच्या आसपास, मंगळावर 5 ते 8, चंद्रावर 15 ते 20. गॅनिमीड, कॅलिस्टो या गुरूच्या चंद्रांवर गुरुत्व जवळपास आपल्या चंद्राएवढंच आहे, तरी तिथे 2-3 किलोमीटरलाच शिखर येतं, कारण बर्फ खडकापेक्षा खूप दुबळं. तर लोणार कठीण बेसाल्टात आणि दोन किलोमीटरच्या आत. त्याला शिखर असायचं कारणच नाही. साराभाई विवर त्याच्या चौपट मोठं असूनही साधंच, कारण ते चंद्रावर आहे. चंद्रावरचंच टायको 85 किलोमीटरचं, त्यात सुमारे दोन किलोमीटर उंचीचं शिखर.

घन खडक काही मिनिटांत असा कसा वाहतो, हा या विषयातला खरा अवघड प्रश्न आहे. नेहमीची घर्षणाची किंमत घातली तर गणितात शिखर येतच नाही. ग्रहवैज्ञानिक मेलॉश यांनी 1979 मध्ये सुचवलं की तुटलेल्या खडकात कोंडलेली तीव्र कंपनं तुकड्यांवरचा भार क्षणाक्षणाला हलका करतात आणि तेवढा वेळ सगळा ढीग द्रवासारखा वागतो. कंपनं विरली की तो जागच्या जागी गोठतो. बहुतेक संगणकी प्रारूपं आज हीच कल्पना वापरतात. विवर आणखी मोठं झालं तर शिखर स्वतःच कोसळून शिखरांचं कडं होतं. मेक्सिकोतल्या चिक्शुलूब विवराच्या अशाच कड्यात 2016 मध्ये समुद्रातून भोक पाडलं, तेव्हा चुनखडीच्या प्रदेशात, समुद्रतळाखाली काहीशे मीटरवर ग्रॅनाइट लागला. तो मुळात आठ-दहा किलोमीटर खाली होता, आणि तिथून वर येऊन कोसळायला त्याला काही मिनिटंच लागली.

आकार काढायचं गणित

एकट्याने करून बघण्याजोगं एक सूत्र आहे. तात्पुरता व्यास = 1.161 × (दगडाची घनता ÷ जमिनीची घनता)^(1/3) × L^0.78 × v^0.44 × g^(−0.22) × (sinθ)^(1/3). L दगडाचा व्यास मीटरमध्ये, v वेग मीटर प्रति सेकंद, g गुरुत्व, θ क्षितिजापासूनचा कोन. उत्तर मीटरमध्ये येतं. साध्या विवराला ते 1.25 ने गुणलं की काठ ते काठ व्यास.

लोणारसाठी उलटं करू. 1.88 किलोमीटर ÷ 1.25 म्हणजे तात्पुरता व्यास 1.5 किलोमीटर. दगडी पिंडाची घनता 3300, बेसाल्ट 2900, वेग 18,000, कोन 45° घातले की L येतो सुमारे 80 मीटर, ऊर्जा सुमारे 35 मेगाटन टीएनटी. पिंड लोखंडी धरला, घनता 7800, तर L सुमारे 56 मीटर. म्हणून कुणी लघुग्रहाचा व्यास अगदी नेमका सांगितला तर त्याने वेग, कोन आणि घनता काय धरली हे आधी विचारा. वेगवेगळ्या पद्धती वेगवेगळे आकडे देतात आणि ऊर्जेत तर कित्येक पटींचा फरक पडतो. हाच दगड याच वेगाने चंद्रावर पडला असता तर कमी गुरुत्वामुळे विवर 2.8 किलोमीटरचं झालं असतं. वेग दुप्पट केला तर विवर फक्त 36 टक्क्यांनी वाढतं. दगडाचा व्यास दुप्पट केला तर सुमारे 70 टक्क्यांनी.

हे सूत्र कुठे फसतं तेही सांगायला हवं. ते गुरुत्व राज्य करतं तिथलं आहे, म्हणजे खडक उचलायला लागणारी ऊर्जा तो फोडायला लागणाऱ्या ऊर्जेपेक्षा जास्त असते तिथलं. लहान विवरांत आणि छोट्या लघुग्रहांवर खडकाची ताकद ठरवते. हायाबुसा-2 या जपानी यानाने 5 एप्रिल 2019 ला रयुगू या लघुग्रहावर दोन किलोचा तांब्याचा गोळा सेकंदाला दोन किलोमीटरने मारला. विवर काठ ते काठ 17 मीटरच्या वर भरलं, म्हणजे रयुगूचा पृष्ठभाग जवळजवळ सुट्या वाळूइतकाच दुबळा निघाला. पृथ्वीवर घट्ट जमिनीत तोच गोळा एवढा खड्डा स्वप्नातही पाडणार नाही.

पृथ्वीवर वातावरणही आडवं येतं. 15 फेब्रुवारी 2013 ला रशियात चेल्याबिन्स्कवर आलेला सुमारे 20 मीटरचा दगड तीसेक किलोमीटर उंचीवरच फुटला. ऊर्जा सुमारे 500 किलोटन, पण विवर नाही. चेबार्कुल तळ्याच्या बर्फात एका मोठ्या तुकड्याने पाडलेलं सात-आठ मीटरचं भोक तेवढं. तुकड्याचा वैश्विक वेग हवेतच संपलेला, म्हणून तो शाबूत मिळाला आणि तळ्यातून काढता आला. शुक्राच्या जाड वातावरणात तर दोन-तीन किलोमीटरपेक्षा लहान विवरं जवळजवळ सापडतच नाहीत.

विवर ओळखताना

उपग्रहाच्या चित्रात गोल तळं दिसलं की विवर सापडलं, असे दावे नेहमी येतात. गोल आकार हा पुरावा नाही. चुनखडीतले खड्डे, मिठाचे घुमट, ज्वालामुखीची मुखं, झिजलेल्या अग्निजन्य खडकांची वर्तुळं, सगळी गोलच असतात. ब्रेशिया हाही पुरावा नाही, तो भूभ्रंशातही होतो. हवे असतात ते शंक्वाकृती चिरांचे खडक, खनिजांतल्या आघाताच्या खुणा, दाट खनिजरूपं, किंवा वितळलेल्या खडकात अशनीच्या मूलद्रव्यांची भेसळ. मध्य प्रदेशात शिवपुरी जिल्ह्यातलं ढाला आणि राजस्थानात बारां जिल्ह्यातलं रामगढ अशाच पुराव्यांवर मान्य झाली. लोणारच्या उत्तरेला सातशे मीटरवरचं अंबर तळं हे दुसऱ्या तुकड्याचं विवर असल्याचं पर्यटकांना हमखास सांगितलं जातं. तसा पुरावा मात्र समोर आलेला नाही, आणि तो येईपर्यंत ते तळं आहे एवढंच म्हणावं.

लोणारचं वयही असंच. पाठ्यपुस्तकांत 50 हजार वर्षं असतं. ते औष्णिक दीप्तीच्या (खनिज तापवल्यावर किती प्रकाश सोडतं त्यावरून वय काढायच्या पद्धतीच्या) 52 हजार वर्षांच्या मापनावरून आलं. 2011 मध्ये वितळलेल्या खडकातल्या आर्गॉनच्या समस्थानिकांवरून 5 लाख 70 हजार वर्षं (अधिक-उणे 47 हजार) असं वय प्रसिद्ध झालं. पहिली पद्धत मधल्या काळात घड्याळ पुन्हा शून्यावर गेलं तर कमी वय दाखवते. दुसरीत जुन्या बेसाल्टचा आर्गॉन पूर्ण निघून गेला नसेल तर वय जास्त येतं, पण त्या अभ्यासात ही भेसळ वेगळी काढली आहे. मी दुसऱ्या आकड्याकडे झुकतो.

स्वतः बघायचं असेल तर चंद्र आहेच. सहा-सात सेंटिमीटर व्यासाची दुर्बीण पुरते. पौर्णिमेला किरण उत्तम दिसतात, पण उंच-सखल काहीच कळत नाही. विवर बघायचं ते त्याच्याजवळ सूर्य उगवत असताना. मेसियर शुद्ध चतुर्थी-पंचमीला, टायको नवमीच्या आसपास, कोपर्निकस दशमीला. खोली काढायची तर तळावर पडलेल्या काठाच्या सावलीची लांबी किलोमीटरमध्ये मोजा आणि त्या जागी त्या वेळच्या सूर्याच्या उंचीच्या कोनाच्या टॅनजंटने गुणा. सावली 6 किलोमीटर, सूर्य 10 अंशांवर, तर खोली 1.06 किलोमीटर. सावलीचं टोक सपाट तळावर पडलेलं हवं. समोरच्या भिंतीवर किंवा मधल्या शिखरावर चढलं असेल तर आकडा कमी येतो. चंद्राच्या कडेजवळची विवरं यासाठी घेऊ नका, तिथे लांबी तिरकस कोनामुळे आखूड दिसते. आणि कोपर्निकसभोवतीच्या उथळ, वेड्यावाकड्या विवरांच्या माळा स्वतंत्र आघातांच्या समजून मोजू नका. त्या कोपर्निकसमधूनच उडालेल्या दगडांनी पाडल्या आहेत, तेही सेकंदाला 2.4 किलोमीटरपेक्षा कमी वेगाने, कारण त्याहून वेगाने उडालेला दगड चंद्रावर परत पडतच नाही.